एक तबकडी पोहे

परवा शेजारचं सात वर्षांचं पोरगं आपल्या आईला म्हणालं, "आई, तुझी पिन अडकलीय." विषय दूध संपवण्याचा होता आणि पिन खरोखरच अडकली होती. मला गंमत वाटली ती वेगळीच. या पोराने पिन पाहिलेली नाही, ती कशात अडकायची हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या आईलाही नसावं. फोनो, म्हणजे ग्रामोफोन, गेला; तबकडीच्या रेघेत अडकणारी त्याची पिन मात्र मराठीत अडकून बसली.

मी ती पिन पाहिली आहे. माझ्या आजोळी, मिरजेला, माजघरातल्या कपाटावर चावीचा फोनो असायचा. कर्णेवाला नव्हे, पेटीचा. पोलादी पिनांची एक चपटी डबी, आणि दर बाजूला नवी पिन लावायची अशी आजोबांची सक्त ताकीद. बोथट पिन तबकडी खाते, म्हणत. चावी उतरायला लागली की आवाज खाली यायचा आणि गाणाऱ्या बाईंचा बघता बघता बुवा व्हायचा. मग आम्हा पोरांपैकी कुणीतरी धावत जाऊन चावी द्यायचं, आणि बुवा पुन्हा बाई व्हायचे. आम्हाला गाण्यापेक्षा हाच खेळ आवडायचा, म्हणून मुद्दाम चावी कमी द्यायचो.

आजीला गाण्यातलं कळत नाही असं आजोबांचं मत होतं. तिला त्या यंत्राचा उपयोग मात्र बरोबर कळला होता. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. पोहे धुऊन रोवळीत निथळत टाकले की ती आतूनच ओरडायची, "लावा हो एक!" एक तबकडी, म्हणजे दोन्ही बाजू, आणि मधे उलटायला लागेल तेवढा वेळ. दुसरी बाजू संपली की फोडणी. आजोबा खाँसाहेब अब्दुल करीम खाँ लावून डोळे मिटून बसायचे, आणि आत त्याच खाँसाहेबांवर पोहे फुलत असायचे. मिरजेत, जिथे खाँसाहेब राहिले आणि जिथल्या दर्ग्यात त्यांना दफन केलं, तिथे हे चालायचं. आजोबांना वाईट वाटत असणार, पण पोह्यांना ते कधी नाही म्हणाले नाहीत.

आजीचं हे माप अचूक होतं, कारण तबकडीला दुसरा इलाजच नव्हता. मिनिटाला 78 फेरे आणि दहा इंची थाळी, एवढ्यात साधारण तीन ते साडेतीन मिनिटांची रेघ मावते. पुढे लेबल लागतं. गवय्याच्या मनात काय आहे याच्याशी लेबलाला देणंघेणं नाही. तास तास एक राग फुलवणाऱ्या माणसाला सांगायचं, बुवा, पोह्यांची एक बाजू होईपर्यंत आटपा. मग विलंबिताला कात्री, आलाप चिमूटभर, आणि तान येते न येते तोच सम. सुरुवातीच्या काळात तर मायक्रोफोनही नव्हता. कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमारास आलं. त्याआधी हळू गाणं ही चैन परवडणारी नव्हती.

1902 साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग नावाच्या माणसाने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना ही बाई कोण हे कळावं म्हणून ही घोषणा, असं सांगतात. कारण काही असो, मला तो ठसका आवडतो. साडेतीन मिनिटांतलीही काही सेकंदं स्वतःच्या नावासाठी राखून ठेवायला हिंमत लागते.

आजोबांची एक तबकडी माझ्या हातून फुटली. म्हणजे पडली आणि तिचे चार तुकडे झाले. मी भीतीने गारठले. आजी आतून आली, तुकडे पदरात गोळा केले आणि म्हणाली, "फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं." बांगडीला लावायचा शब्द तिने तबकडीला लावला, आणि ती चुकली नव्हती. त्या तबकड्या लाखेच्याच. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती ही लाख. तिच्याच बांगड्या, तिचंच पार्सलावरचं सील, आणि पांडवांना जाळायला बांधलेलं घरही तिचंच. तीत दगडाची पूड घालून थाळी दाबली की तिच्यात गाणं बसतं. ही लाख आपल्याकडून जगभर जायची. जाझ असो की ऑपेरा, बऱ्याच जणांच्या आवाजाखाली आपल्या रानातला पळस होता, एवढा अभिमान मी बाळगून आहे. आजोबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

या साडेतीन मिनिटांनी गाण्याचं काय केलं यावर जाणकार भांडतात. गाण्याचा मुरंबा बाटलीत भरायला गेले आणि फक्त पाक भरला, असं म्हणणारे आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. आपलं भावगीत पाहा. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधे थोडं वाद्य, संपलं. हा घाट कुणा कवीने उपाशीपोटी शोधलेला नाही. तो थाळीच्या मापाने कापलेला आहे. पुढे लाँग प्ले आली, कॅसेट आली, जागा भरपूर झाली, तरी आपलं गाणं बराच काळ साडेतीन-चार मिनिटांतच नांदलं. जोडा काढला तरी पायाला त्याचा आकार राहतो तसं.

आणि नाट्यसंगीत. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर पडत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले, हे आजोबांच्या पिढीचं लाडकं पुराण. तबकडीवर वन्समोअर कुठून येणार? टाळ्या नाहीत, समोर प्रेक्षक नाहीत. पण आजोबा पिन उचलायचे आणि पुन्हा कडेला ठेवायचे. झाला वन्समोअर. नाटकगृहात तो मागायला गावातला पुढच्या रांगेतला माणूस असावं लागे; माजघरात तो कुणालाही मिळे. ज्या गाणाऱ्या बायकांच्या मैफलीला घरंदाज बाई जाऊ शकत नसे, त्यांचा आवाज पिनेवर बसून सरळ माजघरात आला. आजीने त्यावर पोहे निथळले, पण ऐकलंही. ती पुढे कांदा चिरताना गुणगुणायची ते खाँसाहेबांचं असायचं, हे आजोबांच्या लक्षात आलं नाही. भीमसेन जोशींनी लहानपणी गदगला खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं. आजीला सोडायला घर मोकळं नव्हतं, एवढाच फरक.

मला सगळ्यात नवल वाटतं ते गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं. अल्लादियाखाँची ही शिष्या रेकॉर्डिंगला फारशी राजी नसे. तरी त्यांची भैरवी 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर या दोन अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. त्या भैरवीची प्रत शोधताना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, पत्त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यात सापडली, अशी हकीकत ती तबकडी तयार करणाऱ्या चमूतल्या ॲन ड्रुयान यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या यानाने ऑगस्टमध्ये आणि पहिल्याने सप्टेंबरच्या सुरुवातीला पृथ्वी सोडली, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते गाणं अजून पुढे पुढे जातंय, सूर्यमालेच्या वेशीपलीकडे. सोबत सुई ठेवली आहे आणि ती कशी लावायची याची खुणांची चिठ्ठीही. लांबी साडेतीन मिनिटं. विश्व एवढं अफाट, अंतराला मोजदाद नाही, आणि भैरवीला मात्र तीच दहा इंची मर्यादा.

काल सकाळी मी पोह्यांवर पाणी घातलं आणि फोनवर केसरबाई लावल्या. संपल्या. पुन्हा लावल्या. फोनला चावी नाही, पिन नाही, लेबलही लागत नाही. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आठवलं की पोहे अजून पाण्यातच आहेत.

नाश्त्याला उपमा केला.