खटक्

शनिवारी संध्याकाळी टिळक रोडवरच्या एका अमृततुल्यात आम्ही चौघं जमतो. कॉलेजपासूनचे. वय विचारू नका. तिघांच्या खिशात चाळिशीचा चष्मा असतो आणि चौथ्याचा घरी विसरलेला असतो. चहा येईपर्यंत गुडघे, पार्किंग आणि मुलांच्या नोकऱ्या उरकतात. चहा आला की कोणीतरी विचारतं, "मग, सध्या काय ऐकताय?" आणि खरी बैठक सुरू होते.

या प्रश्नाला खरं उत्तर कोणी देत नाही. प्रत्येक जण कुठल्यातरी नव्या बँडचं नाव टाकतो, जे त्याला आदल्या रात्री मुलीकडून कळलेलं असतं. मी गेल्या महिन्यात खरं सांगून टाकलं की, मटार सोलताना आठवड्यात चार वेळा फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' ऐकला. 1977 चा अल्बम. तो तयार होत असताना बँडमधलं एक लग्न मोडत होतं, दुसरी जोडी फुटत होती, आणि ती माणसं एकमेकांवरचीच गाणी एकमेकांना साथ देत गात होती. सोलण्या-निवडण्याच्या कामाला याहून बरी साथ मला सापडलेली नाही. यावर तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ख्यालाच्या मैफलीत मी लावणीची फर्माईश केली असावी.

कारण आमच्यात घराणी आहेत. एक लेड झेपेलिनवाला, एक डीप पर्पलवाला, एक पिंक फ्लॉइडवाला. मी बीटल्सची. "मुलींना बीटल्सच आवडणार," हे वाक्य मला 1987 साली ऐकवण्यात आलं होतं, त्याची परतफेड अजून चालू आहे.

झेपेलिनवाल्याचं दैवत म्हणजे 1971 चा चौथा अल्बम. त्याच्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. पोपडे उडालेल्या भिंतीवर एका म्हाताऱ्याची तसबीर, त्याच्या पाठीवर लाकडाची मोळी. "नाव न लिहिता खपवून दाखवला, याला म्हणतात माज," असं तो दर महिन्याला कौतुकानं सांगतो. माज या गुणाची पारख पुण्यात कोणाला शिकवावी लागत नाही. त्याचं एकच दुःख आहे. 1972 मध्ये बँडमधले गिटारवाला पेज आणि गायक प्लँट मुंबईला आले, तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी रेकॉर्ड केली आणि परत गेले. पुण्याला आले नाहीत. जणू याच्या आईनं पोहे करून ठेवले होते.

पर्पलवाल्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पर्पलचा 'मशीन हेड' भारी आहे हे सगळ्यांना मान्य आहे, म्हणून त्याच्याशी भांडताच येत नाही. शिवाय 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती सुरुवात प्रत्येक पेठेतल्या प्रत्येक गिटारच्या क्लासातून आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, की त्या गाण्यातला स्वित्झर्लंडच्या मॉन्ट्रोचा जळालेला कॅसिनो आम्हाला अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच कुठेतरी वाटतो.

उरला फ्लॉइडवाला. त्याला 'डार्क साइड ऑफ द मून'ची आकडेवारी रामरक्षेसारखी पाठ आहे. मार्च 1973 मध्ये आला, 1988 पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 741 आठवडे. हा अल्बम त्याला अमेरिकेतल्या आत्तेभावानं आणून दिला, ओरिजिनल, हेही तो सांगतो. आणि बीटल्सचा विषय निघाला की हात झटकून म्हणतो, "ॲबी रोड? मी तो कधी शेवटपर्यंत ऐकलेलाच नाही."

माझ्याकडे 'डार्क साइड' आला तो आत्तेभावाकडून नाही. पेठेतल्या एका गल्लीत एक जण कॅसेटी भरून द्यायचा. मागे भिंतभर रेकॉर्डी, समोर एक लांबुडकी वही. वहीत बघून नाव सांगायचं, कोरी कॅसेट ठेवून यायची, चार दिवसांनी न्यायची. दादानं टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट दिली. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. 'डार्क साइड' त्रेचाळीस मिनिटांचा, म्हणजे तो ए साइडवर पाय पसरून मावला. बी साइडवर 'ॲबी रोड'. भरणाऱ्यानं कार्डावर देवनागरीत 'अबे रोड' असं लिहिलं होतं, नागपूरच्या कोणी हाक मारल्यासारखं. दोन्ही अल्बम बहुतेक करून लंडनच्या एकाच स्टुडिओत झाले आणि ॲलन पार्सन्स हा माणूस दोन्हींच्या कामावर होता, आधी उमेदवारीत आणि मग मुख्य इंजिनीअर म्हणून, हे मला फार पुढे कळलं. भरणाऱ्यानं काही ते बघून जोडी जमवली नव्हती. पण माझ्या कानात ते दोन अल्बम अजून नवरा-बायकोसारखे आहेत.

ए साइड बाबांनाही आवडायची. एकदा 'मनी' चालू असताना आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "अगं, हा रूपक आहे!" बाहेर येऊन आरामखुर्चीच्या हातावर त्यांनी बोटं धरली. सात मात्रा, चोख. बाबा दर डिसेंबरला रजई घेऊन सवाईला रमणबागेत जाणारे. त्यांना विलायती माणसानं रूपक धरल्याचा कोण आनंद. सॅक्सोफोनचा तुकडासुद्धा सातातच निघाला. पुढे गिटार सुरू झाली आणि ठेका एकदम चारात गेला. बाबांचा हात अधांतरी. "घसरला!" ते म्हणाले. मी काही बोलले नाही. ते वाट बघत राहिले. गिटार संपली, सात परत आले, बाबांनी सम पकडली आणि म्हणाले, "नाही, माणसं तयारीची आहेत." पिंक फ्लॉइडवर मी आजवर वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा हा अभिप्राय मला थोर वाटतो.

घोळ होता तो बी साइडवर.

'ॲबी रोड'ची पहिली बाजू ज्या गाण्यानं संपते, ते पावणेआठ मिनिटं तेच तेच वळसे घेत, वाऱ्याचा घोंगावता आवाज चढवत जातं आणि ऐन चढावर कात्री लावल्यासारखं तुटतं. पुढे काही नाही. दादा तणतणत दुकानात गेला. "गाणं मध्येच तोडलंय तुम्ही." त्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "रेकॉर्डवर आहे तेवढं भरलंय. जास्त हवं असेल तर लंडनला पत्र टाका." दादा आठवडाभर त्याच्या नावानं खडे फोडत होता. आता माहीत आहे की माणूस खरं बोलत होता. ते गाणं तिथे तोडायला बीटल्समधल्या खुद्द लेननंच सांगितलं होतं.

ज्याबद्दल आम्ही भांडायला हवं होतं, त्याबद्दल मात्र ब्र काढला नाही. अल्बम सत्तेचाळीस मिनिटांचा, कॅसेटची बाजू पंचेचाळीसची, वर काही सेकंद पदरचे. शेवटाकडे छोट्या गाण्यांची माळ आहे, तिच्या टोकाला 'द एन्ड' नावाचं गाणं. त्यात रिंगो एकदाच काय तो एकट्यानं ड्रम वाजवून घेतो, मग मॅकार्टनी, हॅरिसन, लेनन आळीपाळीनं गिटारवर सवाल-जवाब करतात. आमच्या कॅसेटवर ती जुगलबंदी रंगात आली की खटक्. बटण वर. टेप संपली. आम्हाला वाटायचं, वा, काय शेवट आहे! 'द एन्ड' नावाचं गाणं शेवटाआधीच संपवलं! लेननच्या कात्रीला आम्ही दुकानदाराचा नालायकपणा म्हणालो आणि टीडीकेच्या काटकसरीला बीटल्सची प्रतिभा. मी यावर कॉलेजात पाऊण तास बोलले होते.

पुढे सीडी घेतली तेव्हा कळलं, त्या गिटारींनंतर पियानो आहे, गाणं आहे, सगळं शांतपणे जमिनीवर उतरतं. त्यानंतर थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तेवीस सेकंदांचं एक चिमुकलं गाणं. ते मूळचं माळेच्या मधलं. मॅकार्टनी म्हणाला, नको, टाकून द्या. पण टेप सांभाळणाऱ्या पोराला काहीही फेकायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून त्यानं तो तुकडा शेवटी चिकटवून ठेवला, आणि तो तिथेच राहिला. मधून कापल्यामुळे त्याचा शेवटचा सूर त्याच्यापाशी नाही. म्हणजे कात्री तिकडेही चाललीच होती. सीडीवरचा शेवट फार सुंदर आहे. तरी मला तो पाहुण्यासारखा वाटतो. त्या जागी माझे कान अजून बटणाची वाट बघतात.

ती कॅसेट 1988 साली हरवली. कोणीतरी मागून नेली, हे नक्की. सगळ्यांनी सगळ्या देवांच्या शपथा घेतल्या.

गेल्या शनिवारी वाद पेटला तो यावर, की अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकायची ताकद आता कोणात उरली आहे का. झेपेलिनवाल्यानं मोबाइल स्टीलच्या रिकाम्या ग्लासात उभा केला, म्हणजे आवाज घुमतो, आणि मला बरं वाटावं म्हणून 'ॲबी रोड'ची ती माळ लावली. शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. पर्पलवाला बशीत चहा ओतत होता. रिंगोचे ड्रम झाले. गिटारी सुरू झाल्या, पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला. फ्लॉइडवाला चहावर फुंकर घालत होता. फुंकता फुंकता, डोळे मिटून, बरोबर त्या जागी तो हळूच म्हणाला, "खटक्."

गाणं पुढे चालू राहिलं. त्यानं डोळे उघडले. बाकीच्या दोघांना काही कळलं नाही. त्यांच्याकडे विकतच्या कॅसेटी होत्या.

"आत्तेभाऊ काय म्हणतोय?" मी विचारलं.

तो बराच वेळ कपातच बघत होता.

"कार्ड तरी आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "अबे रोड." आणि काउंटरकडे हात करून ओरडला, "एक क्रीमरोल द्या हो इकडे."