तुम्ही विचारलंत म्हणून: शंभरचं नेट घेतलं, मग चेहरा का अडकतो?

चोपड्याच्या आसपासच्या गावांत मी फायबरची जोडणी करतो. लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा विचारतोच, "भाऊ, शंभरचं नेट घेतलं ना, मग पोराचा चेहरा फोनमध्ये अडकतो का?" तिथे मी "उद्या येऊन बघतो" म्हणून सुटतो, कारण खरं उत्तर वरण-बट्टी गार झाली तरी संपत नाही. इथे सांगतो.

घोळ शब्दातच आहे. आम्ही सगळे त्याला 'स्पीड' म्हणतो. पण प्लॅन चाळीसचा घ्या नाहीतर तीनशेचा, काचेच्या तारेतून प्रकाश त्याच वेगाने धावतो: सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर. इथून मुंबईपर्यंतची तार वळणंबिळणं धरून ५०० किलोमीटर समजा, तर अडीच मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). जास्त पैसे भरून हा वेळ कमी होत नाही. शंभरचा, म्हणजे शंभर एमबीपीएसचा, प्लॅन घेतला की सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे शून्य आणि एक, तुमच्या तारेवर चढवता येतात, एवढंच. केळीवाल्यांना हे लगेच कळतं. दिल्लीला एक गाडी धाडली काय नि दहा धाडल्या काय, पोचायला वेळ तेवढाच. दहा गाड्यांत माल जास्त जातो.

एका गृहस्थांनी मात्र भर दुकानात मला चोर ठरवलं होतं. "शंभरचे पैसे घेता, मोबाईलवर बाराच दाखवतो." त्यांचा मोबाईल बाइटमध्ये मोजत होता, मी बिल बिटमध्ये लावलं होतं. आठ बिटांचा एक बाइट. शंभरला आठाने भागा, साडेबारा. कागदावर भागाकार करून दाखवला, पटला नाही. (प्लॅन बिटमध्ये विकायचा आणि डाउनलोड बाइटमध्ये दाखवायचं, ही पद्धत ज्याने पाडली त्याला आठवडाभर माझ्या गल्ल्यावर बसवायला हवं.)

रुंदीला, म्हणजे सेकंदाला किती बिट चढतात त्याला, किंमत नाही असं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरचं साधं कनेक्शन सेकंदाला ९,६०० बिटांचं. आजचा ३ एमबीचा एक फोटो त्यावरून उतरवायला बेचाळीस मिनिटं लागली असती. शंभरच्या तारेवर पाव सेकंद. मग एवढी रुंदी असून चेहरा का अडकतो?

वडील सांगायचे, सुरतला ट्रंक कॉल लावायचा तर पोस्टात नाव नोंदवून बाकड्यावर बसायचं. कॉल लागला की इथून सुरतपर्यंतची अख्खी वाट तुमच्या एकट्याची. तुम्ही गप्प बसलात तरी ती दुसऱ्याला मिळत नसे, आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायची. नेटमध्ये वाट अशी कुणाच्या नावावर राखून ठेवत नाहीत. मजकुराचे तुकडे करतात, बहुतेक वेळा दीड हजार बाइटच्या आतबाहेर, आणि प्रत्येक तुकड्यावर कुठून कुठे जायचं ते लिहून सोडून देतात. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डोनाल्ड डेव्हिस या ब्रिटिश संशोधकाने १९६० च्या दशकात दिलं. तुमच्या ३ एमबीच्या फोटोची अशी दोनेक हजार पॅकेटं होतात. तुमची, शेजारच्याची, दूध डेअरीची, सगळ्यांची पॅकेटं एकाच तारेवर मागेपुढे धावतात. आमच्याकडे एका तारेवर स्प्लिटर, म्हणजे प्रकाश अनेक तारांत वाटणारा डबा, लावून बत्तीस घरं जोडलेली असतात. त्यामुळे 'लाइन बिझी आहे' हे कुणालाच ऐकावं लागत नाही. फक्त रात्री आठ-नऊला सगळं गाव एकदम नेटवर बसलं की रांग लागते.

आता फोटोतलं एखादं पॅकेट वाटेत हरवलं, तर पलीकडचं मशीन कळवतं, सातशे बारावं आलं नाही, परत पाठव. ते येतं, फोटो पुरा होतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. सिनेमा थोडा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, म्हणून तोही निभावून नेतो. व्हिडिओ कॉलला ही सोय नाही, कारण पोरगा पुढचं वाक्य अजून बोललेलाच नसतो. अर्ध्या सेकंदापूर्वीचं ओठ हलणं आता मागवून करायचं काय? म्हणून बहुतेक वेळा हरवलेलं सोडून देतात आणि पुढे जातात. चेहऱ्याचे चौकोन झाले, म्हणजे पॅकेटं गळताहेत. दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत सुटले, म्हणजे ती उशिरा पोचताहेत. आवाज कधी ताणलेला, कधी धावता, म्हणजे काही लवकर, काही उशिरा. या तिन्हींतलं एकही बिलावरच्या आकड्यात दिसत नाही.

आमच्या जिजींचं तसंच झालं. गेल्या वैशाखात बोलावणं आलं. मी ओट्यावर पाय ठेवला नाही तोच, "भाऊ, पैसा पुरा लेतस, मंग मना पोऱ्या फोनमा अडकस काबर?" पोरगा पुण्याला, रोज रात्री कॉल. घर धाब्याचं, मातीची भिंत हातभराहून जाड. राउटर शोधायलाच वेळ गेला. नातवंडं हात लावतात म्हणून जिजींनी तो आतल्या खोलीत, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीमागे कोनाड्यात नेऊन ठेवला होता. बोलायला बसायच्या मात्र ओट्यावर, गारव्याला.

लॅपटॉपला तार लावून मुंबईचं पिंग घेतलं, म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. अठरा मिलिसेकंद, पुन्हा अठरा, पुन्हा एकोणीस. (जाऊन-येऊन पाचाऐवजी अठरा, कारण वाटेतला प्रत्येक राउटर पॅकेट घेतो, पत्ता वाचतो, पुढे ढकलतो.) मग तार काढून, वायफायवर, ओट्यावर येऊन बसलो. वीस. तीनशे. एकशे नव्वद. दहातली तीन उत्तरं आलीच नाहीत. मुंबईपासून गावापर्यंत धडधाकट आलेली पॅकेटं कोठीपासून ओट्यापर्यंतच्या पंधरा पावलांत गळत होती. राउटर वायफायची दोन नावं दाखवतो, एक ५ गिगाहर्ट्झचं, एक २.४ चं. त्यात फोन ५ गिगाहर्ट्‌झच्या नावाला जोडलेला. ते रुंद असतं, पण जाड भिंतीपुढे नांगी टाकतं, २.४ चं अरुंद असलं तरी भिंतीतून जास्त निभावतं. आणि पत्र्यातून तर दोन्ही जात नाहीत.

राउटर बाहेरच्या खोलीत दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगला, नातवंडांचा हात पोचणार नाही इतका वर. फोन २.४ वर घेतला. पोराला कॉल लावला, चेहरा स्वच्छ. प्लॅन तोच, पैसे तेच. जिजींनी चहा टाकला.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "भाऊ, चौकटवरच शे, कोन्ही हात लाया नही. मंग हाऊ दिवा लाल काबर?"

लाल दिवा पेटला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तारेतून प्रकाशच येत नाही, असा त्याचा अर्थ. जाऊन पाहिलं, तर गल्लीवरून मी टांगलेली तार कडब्याच्या गाडीने ओढून नेली होती. गाडीवाल्याचा दोष नाही. कडबा किती उंच रचतात हे लहानपणापासून पाहिलेला मी, तरी तार दोन हात खालीच बांधली होती. काच जेमतेम केसाएवढी, १२५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रकाश त्यातल्याही मधल्या ९ मायक्रॉनमधून जातो. दुपारचं ऊन, कपाळावरचा घाम टोकावर पडू नये म्हणून डोक्याला उपरणं बांधलं, जोडणीच्या मशीनवर पोत्याची सावली धरायला नातवाला उभं केलं आणि दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली.