टोफिनोला जाताय? आधी फेरीबोट, मग बाकीचं

कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंडच्या पार पश्चिम टोकाला टोफिनो आहे, हायवे 4 तिथेच संपतो आणि पुढे नुसता पॅसिफिक. शनिवार-रविवारमध्ये उरकायची ही जागा नाही हे आधीच सांगते, कारण जायचा अख्खा दिवस प्रवासातच जातो. व्हँकुव्हर शहराजवळच्या हॉर्सशू बेहून बेटावरच्या नानायमोची फेरी (गाडीसकट नेणारी बोट) 1 तास 40 मिनिटांची, पुढे साधारण 200 किमी ड्राइव्ह. उन्हाळ्यात फेरीचं रिझर्वेशन नसेल तर रांगेत बसून राहाल.

वाटेत कॅथेड्रल ग्रोव्ह या जुन्या, प्रचंड झाडांच्या जंगलाला थांबाच, शक्यतो सकाळी लवकर कारण पार्किंग रस्त्याच्या कडेलाच आहे आणि पटकन भरतं. डग्लस फरची काही झाडं 800 वर्षांची, सगळ्यात मोठ्याचा घेर 9 मीटरच्या वर. सासऱ्यांनी खोडाला हात लावला आणि चक्क दोन मिनिटं काही बोलले नाहीत (घरच्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे). पोर्ट अल्बर्नीला टाकी फुल करा, मॅप ऑफलाइन घेऊन ठेवा, पुढे बराच वेळ रेंज नाही आणि रस्ता आपल्या घाटासारखा वळणावळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा.

कधी जायचं म्हणाल तर माझं मत सप्टेंबर. इथे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, पण आपल्या उलट, मुख्य पाऊस ऑक्टोबर ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये रूमचे भाव गगनाला भिडलेले, वर ऑगस्टमध्ये धुकं. वादळी लाटा बघायच्या असतील तर मात्र नोव्हेंबरनंतर या, लोक खास त्यासाठी येतात.

सर्फिंग पहिल्यांदाच करणार असाल तर सरळ लेसन घ्या, चेस्टरमन बीच नवख्यांना बरा, कॉक्स बेला लाटा जास्त. पाणी उन्हाळ्यातही गारठवणारं असतं त्यामुळे जाड वेटसूट आणि बूट लागतात, तो वेटसूट अंगावर चढवण्यातच अर्धा दम जातो, टाच अडकते, नवरा म्हणे मी परत काढणारच नाही. आधी वाळूवर बोर्ड ठेवून झटकन उभं राहायची प्रॅक्टिस करून घेतात, मग कमरेएवढ्या पाण्यात. मी उभी राहिले तेवढ्यात लाट संपली, पण राहिले! रिप करंट (समुद्रात आत ओढणारे प्रवाह) असतात, एकट्याने आत जाऊ नका. भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघूनच दिवस ठरवा.

आईबाबा बरोबर असतील तर रेनफॉरेस्ट ट्रेलला पायऱ्या खूप आहेत, गुडघे बघून ठरवा. त्यापेक्षा दलदलीतला शोअरपाइन बॉग ट्रेल, 800 मीटर सपाट फळ्यांची वाट, शेकडो वर्षांची पाइनची झाडं आणि उंची मात्र खुरटलेली, सासूबाईंना हेच जास्त आवडलं. हे दोन्ही ट्रेल नॅशनल पार्कमध्ये, तिथे थांबायला पास लागतो आणि कुठले ट्रेल बंद आहेत ते पार्क्स कॅनडाच्या साइटवर आधी बघा.

टोफिनोसमोरच्या मीअर्स बेटावर वॉटर टॅक्सीने (छोट्या बोटीने) जाता येतं. तिथले सीडरचे प्रचंड वृक्ष आज उभे आहेत ते 1984 मध्ये इथल्या मूळ रहिवासी तला-ओ-क्वी-आत लोकांनी बेट ट्रायबल पार्क जाहीर करून तोड अडवली म्हणून. 1993 मध्ये याच भागात, म्हणजे क्लेयोक्वॉट साउंड या खाडीच्या परिसरात, जंगलतोडीविरुद्ध आंदोलनात 800 च्या वर लोकांना अटक झाली होती. टॅक्सीतून उतरल्यावर हे माहीत असलं की झाडांकडे बघायची नजरच बदलते.

खाण्याचं म्हणाल तर फिश टाको खाणाऱ्यांची चैन आहे, शुद्ध शाकाहाऱ्यांनी किचनवाली रूमच घ्या. किराणा गावात मिळतो पण महाग, आम्ही तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि धपाटे घेऊन गेलो होतो. पावसात भिजून आल्यावर गरम मऊ भात, बास. खरकटं बाहेर किंवा गाडीत ठेवू नका, अस्वलं आहेत, लांडगेसुद्धा.

परतीला दिवसातली शेवटची फेरी बुक करू नका. टोफिनोला जायला पक्का रस्ता हा एकच, 2023 च्या जूनमध्ये वणव्यामुळे तो दोन आठवड्यांहून जास्त बंद होता. निघायच्या आधी ड्राइव्हबीसी (रस्ते चालू की बंद सांगणारी सरकारी साइट) बघा आणि हातात तीन-चार तास जास्तीचे ठेवा.