मांजरसुंबा ते सौताडा: काळ्या रानात लॉकर किती कामाचा?

गणपती उठले की बालाघाटाच्या माथ्यावरचा पाऊस उघडझाप करायला लागतो आणि पाणंदींतला गाळ वरून सुकल्यासारखा दिसतो. दिसतो फक्त. संभाजीनगरहून ५२ नंबरच्या हायवेने बीड, पुढे मांजरसुंब्याचा घाट, तिथून पाटोद्याकडे वळून डांबर सोडायचं आणि शिवरस्त्यांनी विंचरणा नदीच्या सौताडा धबधब्यापर्यंत पोचायचं, असा बेत होता. गाड्या दोन: आमची हायलक्स, मागच्या एक्सलला कंपनीचाच इलेक्ट्रॉनिक लॉक, आणि मित्राची जुनी जीप, बाहेरून बसवलेला कॉइलचा, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा लॉकर. लॉकर म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा.

बीडपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. डिझेल आणि पाणी मात्र मांजरसुंब्यातच भरून घ्या.

पहिली खरी परीक्षा एका ओढ्याच्या उतारावर झाली. बसाल्टचे धोंडे, मध्ये पावसाने कोरलेली घळ. जीपचं मागचं डावं चाक अधांतरी. साधा डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा एक्सलमधला गिअरसंच) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणजे हवेतल्या चाकाला जेवढा लागतो तेवढाच जमिनीवरच्यालाही मिळतो. हवेतल्याला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून गाडी जागेवर. लॉकर लागला की साइड गिअर (एक्सलला जोडलेला गिअर) डिफरन्शियलच्या केसलाच अडकतो, आतले स्पायडर गिअर फिरू शकत नाहीत, दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरतात. मित्राने बटण दाबलं, डॅशवर दिवा लागला, आणि डावं चाक तसंच भिरभिरत राहिलं.

बांधावरून एक आजोबा बघत होते. "पाव्हणं, लाईट तर लागली की!" म्हणाले. तेच तर दुखणं होतं.

आमच्या गाडीत छोटी मोटर लॉक बसवणारा फोर्क सरकवते आणि हौसिंगवरचा (एक्सलच्या कवचावरचा) स्विच लॉक खरंच बसला का ते कळवतो. तोवर डॅशवरचा दिवा लुकलुकतो, बसला की स्थिर होतो. कॉइलच्या बहुतेक किटमध्ये असा स्विच नसतो. कॉइलला करंट मिळाला की चुंबक एका प्लेटला धरून ठेवतो, प्लेट रॅम्पवर चढते आणि पिना साइड गिअरमध्ये ढकलते. करंट गेला की स्प्रिंग त्या मागे ओढते. दिवा सांगतो ते एवढंच, की बटण दाबलंय.

मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, कॉइलच्या कनेक्टरवर लोड असताना ८ सुद्धा नाही. फिटरने अर्थिंगची वायर चासीच्या रंगावरच स्क्रू मारून दिली होती आणि खाली गंज धरला होता. रंग खरवडून नवीन थिंबल (वायरच्या टोकाची कडी) बसवलं, गाडी हळूच हलवली (पिना जुळायला चाकं थोडी फिरावी लागतात), आणि जीप घळीतून वर आली.

वायरिंग नव्याने करणार असाल तर बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावरच फ्यूज टाका, किटमध्ये सांगितलेल्या अँपिअरचाच. तिथून रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) ३० नंबरच्या टोकाला, आणि ८७ वरून पुरेशी जाड वायर मागे. ८६ ला इग्निशनचा सप्लाय डॅशवरच्या स्विचमधून, म्हणजे चावी काढली की लॉकर सुटतो. ८५ अर्थला. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा गिअरबॉक्स) ४एल, म्हणजे कमी गिअरमधल्या फोर-व्हीलचा स्विच साधा अर्थ देणारा असेल तर ८५ ची अर्थ त्यातून घ्यावी. मग हायवेवर कुणी पोराने बटण दाबलं तरी काही होत नाही. तो स्विच ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) जात असेल तर मात्र हात लावू नका. हौसिंगकडे जाणारी वायर ब्रेकच्या रबरी होजच्या सोबतीने न्या आणि एक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताणणार नाही इतकी सैल ठेवा. इथली चिकण माती सुकली की वायरला घट्ट धरते आणि पुढच्या खड्ड्यात कनेक्टर ओढून काढते.

पाटोद्याच्या अलीकडे सोयाबीनच्या रानांमधली पाणंद लागली, आणि तिथे माझं मत पक्कं झालं. काळ्या मातीत लॉकर फारसा कामाचा नाही. टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत झालं की लॉकर एकाऐवजी दोन खड्डे खणतो, आणि कडेच्या उतारावर मागचा भाग सरळ बांधाकडे घसरतो. तिथे टायरमधली हवा कमी करणं, एकसारखा वेग आणि सोबत दुसरी गाडी हेच कामाला येतं. हवा भरायचा पंप त्यामुळे घ्याच. पिकात मात्र चाक घालू नका, कितीही रुतलात तरी.

गाडी रुतण्याआधी, ती अगदी हळू असताना लॉकर लावायचा. चाक जोरात फिरत असताना लावला तर पिना किंवा एक्सल तुटू शकतात. डांबर लागलं की लगेच काढा, नाहीतर वळणावर टायर फरफटतात. काही कॉइल लॉकर रिव्हर्स घेताना क्षणभर सुटून पुन्हा लागतात. खट् असा आवाज येतो, तो बिघाड नव्हे.

सौताड्याला पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. गाडी वर ठेवून खाली रामेश्वराला पायीच उतरा.

ओढ्यात चाकं बुडली असतील तर घरी आल्यावर मागच्या डिफरन्शियलचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. ऑइल बदला आणि ब्रीदरची (हौसिंगला हवा घेऊ-सोडू देणारी) नळी चासीच्या वरपर्यंत उचलून बांधा. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडाली की आत पाणी ओढते, आणि कॉइलच्या वायरीसाठी पाडलेलं भोक नीट सील केलेलं नसेल तर तिथूनही.