पहिला कॅमेरा : आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, असे विचारणाऱ्यांना बहुधा एखाद्या मॉडेलचे नाव हवे असते. मी मात्र आधी विचारतो की फोटो कशाचे आणि कोणत्या वेळी काढायचे आहेत, कारण त्यावरून लेन्स ठरते आणि पहिल्या खरेदीत बॉडीपेक्षा (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा) लेन्सच जास्त महत्त्वाची असते.

नाशिकच्या रामकुंडावरची सायंकाळची आरती घ्या. उजेड उतरत असतो, आरती ओवाळणारे हात हलत असतात आणि ते स्पष्ट टिपायचे तर शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, १/२५० सेकंदाच्या आसपास लागतो. बॉडीसोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ मिलिमीटरवर, म्हणजे पूर्ण झूमवर, साधारण एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, मोठे), त्यामुळे उरलेली तूट भरून काढायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ६४००पर्यंत न्यावा लागतो आणि सावलीच्या भागात नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसू लागतो. त्याच जागी ५० मिलिमीटर एफ/१.८ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स पूर्ण उघडली, तर नऊपटींहून अधिक प्रकाश आत येतो आणि तोच फोटो ८००च्या खालच्या आयएसओवर निघतो. मात्र फोकसची खोली अगदी कमी होते. ज्योतीवर फोकस केला, तर मागचा चेहरा पुसट होतो. अॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ यांची ही देवाणघेवाण एकदा हाताला समजली, की कोणताही कॅमेरा परका वाटत नाही.

दिवसाउजेडी गंगापूर धरणाचा परिसर टिपायला किट लेन्स पुरेशी आहे. एफ/८ आणि आयएसओ १०० ठेवावा.

पक्ष्यांचे गणित वेगळे. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. तिथे उडते बदक गोठवायला १/२००० सेकंद आणि किमान ४०० मिलिमीटरची लेन्स हवी. दीडपट क्रॉप असलेल्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर ती फुल फ्रेमवरच्या ६०० मिलिमीटरइतकी जवळची चौकट देते, म्हणून फुल फ्रेमच्या मोहात पडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. बजेट अपुरे असेल तर बॉडी सेकंडहँड घ्यावी. लेन्सही जुनी घेणार असाल, तर तिच्यातून टॉर्चचा झोत टाकून काचेवर फंगसचे (बुरशीचे) धागे आहेत का ते पाहावे, कारण पावसाळ्याच्या दमटपणात बंद पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी सहज धरते.

सुरुवात अॅपर्चर प्रायॉरिटी मोडवर (यात अॅपर्चर आपण ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा) करावी, ऑटो आयएसओला ३२००ची कमाल मर्यादा घालावी आणि व्ह्यूफाइंडरमध्ये शटर स्पीडचा आकडा किती खाली उतरतो, त्यावर सतत लक्ष ठेवावे.