होमर-मार्ज कालरेषा: 'दॅट नाइन्टीज शो'चं कार्ड चढलं एकदाचं भिंतीवर

मंडळी, बसलं! 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या होमर-मार्ज या जोडप्याचं आयुष्य मी भिंतीवर, भागागणिक एक कार्ड लावून, क्रमाने मांडतोय. ज्या एका कार्डाने अख्खी भिंत अडवून धरली होती, ते 27 जानेवारी 2008 चं 'दॅट नाइन्टीज शो' काल रात्री जागेवर लागलं. तेही एकही जुनं कार्ड न काढता.

मागच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं होतं की रेटकॉन (मागाहून बदललेली जुनी कथा) आहे, कॅननमधून (अधिकृत कथेतून) उडवून टाक, कशाला डोक्याला ताप. मला ते पटत नव्हतं. नवरा-बायकोच्या आयुष्यातला आपल्याला न आवडणारा काळ कापायचा, तर ती कालरेषा कसली, तो लग्नाचा अल्बम झाला.

गाडी कुठे अडली होती ते पुन्हा एकदा सांगतो. 'द वे वी वॉज' (31 जानेवारी 1991) आपल्याला 1974 मध्ये नेतो. हायस्कूलचं शेवटचं वर्ष, शिक्षा म्हणून थांबवलेल्या मुलांचा वर्ग. मार्ज ब्रा जाळल्याबद्दल, होमर सिगरेट ओढल्याबद्दल. मग तिच्याजवळ जायला होमरचं फ्रेंचच्या शिकवणीचं खोटं निमित्त, आणि प्रॉमला (शाळेच्या शेवटी होणाऱ्या नाचाला) ती आर्टी झिफ या दुसऱ्याच मुलाबरोबर. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या 'आय मॅरीड मार्ज'मध्ये 1980 उजाडलंय. होमर मिनी गोल्फच्या मैदानावर पवनचक्की फिरवायच्या नोकरीत, मार्ज चाकाचे स्केट्स घालून वेट्रेस. मुलाची, बार्टची, चाहूल लागते आणि शॉटगन पीटच्या चॅपलमध्ये घाईघाईत लग्न उरकतं. प्रॉम ते बार्ट, साधारण 6 वर्षं.

हा हिशेब किती घट्ट आहे बघा. 'डफलेस'मध्ये (फेब्रुवारी 1993) होमरचं लायसन्स दिसतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम सरकवली की जन्मतारीख स्वच्छ वाचता येते: 12 मे 1956. म्हणजे शाळा सुटताना 18, लग्नात 24, भाग दाखवला गेला तेव्हा 36. चौथ्या सीझनमध्ये त्याचं वय 36 च धरलेलं आहे. लेखकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसून केल्यासारखं काम.

आणि मग 2008 मध्ये आपल्याला सांगतात की लग्नाआधी, मुलंबाळं नसताना, ही दोघं नव्वदच्या दशकात एकत्र राहत होती. मार्ज स्प्रिंगफील्ड विद्यापीठात, तिची फी भरायला होमर बापाच्या लेझर टॅगच्या धंद्यात. ती प्राध्यापक ऑगस्टच्या प्रेमात, हा इकडे सॅडगॅझम बँड काढून ग्रंज, म्हणजे नव्वदीतलं रॉक, गातोय. 56 चा जन्म असलेला माणूस ग्रंजच्या काळात पस्तिशी ओलांडतो, आणि घरात तोवर दहा वर्षांचा बार्ट हवा. कार्ड लावायचं कुठे? 1980 च्या आधी लावलं तर ग्रंज नाही, नंतर लावलं तर बार्ट आडवा येतो.

तारखा हलवून पाहिल्या, 1974 हे 'होमरला वाटतं तसं' अशा खात्यात टाकून पाहिलं. काहीच जमेना. मग कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रामातली शीट सहज तारखेऐवजी होमरच्या वयाच्या रकान्यावर लावली (खरं तर रिकामी घरं शोधायची होती) आणि समोर काय आलं? सुरुवातीच्या भागांत 34. चौथ्या सीझनला 36. आठव्याला 38-39. अठराव्याला चक्क 40. अधूनमधून आकडे मागेपुढे होतात, पण कल स्पष्ट आहे. बार्ट मात्र 10 चा 10 च.

पोरगं वाढत नाहीये, बाप वाढतोय!

आता मांडा. 2008 मध्ये होमर 40 म्हणजे जन्म 1968, शाळा संपली 1986 ला. बार्ट 10 म्हणजे जन्म 1998. प्रॉम ते बार्ट हे अंतर 6 वरून 12 वर गेलं. या वाढीव 6 वर्षांत माझ्या शीटवर एकही नोंद नव्हती. विद्यापीठ, लेझर टॅग, प्राध्यापक, सॅडगॅझम, सगळं त्या पोकळीत आरामात मावतं, आणि त्यानंतरही पवनचक्की आणि स्केट्सना जागा उरते. ज्याला आपण मोडतोड म्हणून शिव्या घालत होतो, त्या भागाने फक्त रिकामी पडलेली खोली भाड्याने घेतली होती.

म्हणून आता भिंतीवर सनच नाहीत. बार्टचा जन्म म्हणजे शून्य, त्याच्या मागे उणे, पुढे अधिक. जुन्या मापात प्रॉम उणे 6, नव्या मापात उणे 12. 'द वे वी वेरन्ट'मधली (2004) उन्हाळी शिबिराची भेट, जिथे दोघं 10 वर्षांची आहेत, ती नव्या मापात उणे 20 ला जाते. होमरच्या डोळ्यावर पट्टी आणि नाव खोटं, त्यामुळे हायस्कूलमध्ये दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही हे त्या भागानेच सोडवून ठेवलंय. तिथे मला काही करायला लागलं नाही.

या नव्या क्रमाने एक गोष्ट मात्र वेगळीच दिसायला लागली. 'आय मॅरीड मार्ज'मधला गल्प अँड ब्लो या फास्टफूडच्या दुकानातला प्रसंग आठवा. अंगठी नाही म्हणून होमर तिच्या बोटात कांद्याची तळलेली रिंग घालतो, आणि थोड्या वेळाने ती हळूच विचारते, काढू का, तेलाने बोट भाजतंय. आजवर ही मला दुसरा पर्याय नसलेली पोरगी वाटायची. आता तीच मार्ज पदवी घेतलेली आहे, एक प्राध्यापक सोडून आलेली आहे, आणि तरीही त्या काउंटरसमोर उभी आहे. तोच सीन, तेच संवाद. मी सलग परत परत पाहिला.

सगळंच जुळलं असं नाही. 'लिसाज फर्स्ट वर्ड'मध्ये त्यांची मुलगी लिसा हिचा जन्म 1984 च्या ऑलिंपिकच्या वेळचा. 2008 ला ती 8 वर्षांची, म्हणजे जन्म 2000, आणि 2000 ला सिडनी ऑलिंपिक आहे! मी खुर्चीतून उठलो होतो. पण मग क्रस्टी या विदूषकाचं काय? सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला, अमेरिका जिंकत सुटली, म्हणून त्याच्या बर्गरच्या बक्षीस योजनेत त्याचे 4 कोटी 40 लाख डॉलर बुडतात, आणि सिडनीवर बहिष्कार घालायला सोव्हिएत संघच उरला नव्हता. त्या कार्डावर लाल टिकली लावून ठेवलीय. कोणाला सुचलं तर सांगा.

साधनांबद्दल थोडं. फ्रेम वाचायच्या असतील तर जुने भाग 4:3 मध्येच बघा. रुंद पडद्यासाठी वर-खाली कापलेल्या प्रतीत 'डफलेस'मधला तीन प्रकारची डफ बिअर एकाच पाइपातून येते तो विनोदच गायब होतो, तिथे भिंतीवरचं कॅलेंडर काय दिसणार. फेब्रुवारी 2009 पर्यंत मालिका 4:3 मध्येच बनत होती, म्हणजे 'नाइन्टीज शो'लाही हे लागू. जुन्या डीव्हीडी घेणार असाल तर रीजन कोड (डिस्क कोणत्या देशांच्या प्लेअरवर चालेल तो आकडा) आधी विचारा. माझ्या विक्रेत्याने 'सगळीकडे चालते' सांगितलं, प्लेअरला ते कोणी सांगितलं नव्हतं.

हे लिहिता लिहिताच एक डोक्यात आलं. 'डेंजरस कर्व्ह्ज' (नोव्हेंबर 2008) मी पुढच्या खेपेला घेणार होतो, कारण त्यात एकाच केबिनभोवती लग्नाआधीचे, लग्नानंतरचे आणि आजचे होमर-मार्ज गुंफलेत. पण त्यातली तरुण मार्ज ऐकलीत का? ज्युली कॅव्हनर 1987 पासून हा आवाज देतेय. 1991 मधली हायस्कूलची मार्ज आणि 2008 मधली तरुण मार्ज, चित्र तेच, आवाज मात्र माझ्या कानाला स्पष्ट जास्त खरखरीत. म्हणजे कथेतला काळ एक आणि प्रसारणाचा काळ दुसरा, असे दोन धागे हवेत. त्यामुळे केबिन लांबणीवर. आधी सगळे तरुणपणीचे प्रसंग प्रसारणाच्या क्रमाने नुसते कानाने ऐकणार, पडदा बंद करून. डॅन कॅस्टेलानेटाचा होमर त्याच वेळी होऊन जाईल.

तोवर एका गोष्टीवर मत द्या. 'अ मिलहाउस डिव्हायडेड'मध्ये (1996) होमर मार्जला घटस्फोट देऊन तिच्याशीच पुन्हा लग्न करतो, ते गुलाबी कार्ड याच भिंतीवर, वाद नाही. पण 'व्हिवा नेड फ्लँडर्स'मध्ये (1999) लास व्हेगसला होमरने दारूच्या नशेत अँबर नावाच्या वेट्रेसशी लावलेलं लग्न याच भिंतीवर घ्यायचं की त्याला वेगळी भिंत? माझ्याकडे हिरवी कार्डं शिल्लक आहेत.