तीन रिकामी वर्षं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निवड समितीनं विचारलं, विद्यार्थी विचारतात, परवा भाच्यानंही विचारलं: तुझ्या संशोधन-पेपरांच्या यादीत २०१५ नंतर एकदम २०१९ कसं? मधली तीन वर्षं काय केलंस?

माझं काम धावपटूंच्या पोटरीवर. स्नायू आकसताना त्यात जी वीज उठते, ती त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडनी टिपायची. याला ईएमजी म्हणतात. हा सिग्नल फार तर काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे तयारी चोख लागते. पहाटे सहाला नाशिकच्या भोसला शाळेच्या मैदानावर मुली चटईवर पालथ्या झोपतात. मी पोटरीवरून रेझर फिरवते, स्पिरिटचा बोळा घासते आणि तंतूंच्या दिशेनं दोन इलेक्ट्रोड २० मिलिमीटर अंतरावर लावते.

कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. तिच्याच त्र्यंबक तालुक्यातली एक मुलगी लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "मॅडम, माझा आकडा या शेजारच्या मुलीपेक्षा मोठा आलाय. म्हणजे मीच जोरात पळणार ना?" नाही गं. त्वचेखाली चरबीचा थर पातळ असला तरी आकडा मोठा दिसतो. म्हणून आधी प्रत्येकीला पूर्ण जोर लावून टाच उचलायला सांगायचं आणि धावतानाचा आकडा त्याच्या टक्केवारीत मांडायचा. जिची मोजपट्टी तिची.

मला थकवा मोजायचा होता. स्नायू थकला की तंतूंवरून वीज सावकाश जाते आणि सिग्नलची मध्यक वारंवारता, म्हणजे त्याच्या चढउतारांचा मधला वेग, खाली येते. २७ धावपटू, १० किलोमीटरच्या आधी आणि नंतर. २०१६ च्या सुरुवातीला पेपर पाठवला, परीक्षकांचे शेरेही चांगले आले. आकृतीसाठी मूळ नोंदी पुन्हा उघडल्या, तर एकीची धावल्यानंतरची रेषा विश्रांतीतही जाडजूड दिसत होती. वही काढली. सात नावांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'घामानं टेप सुटली, परत लावली.' आधीची जागा मी पेनानं आखून ठेवली नव्हती. इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला तरी वारंवारता बदलू शकते. म्हणजे त्या सातजणींची 'आधी'ची जागा एक आणि 'नंतर'ची कदाचित दुसरीच.

सात वगळून वीस ठेव, असा सल्ला मिळाला. पण टेप सुटली होती ती सगळ्यात जास्त घामाघूम झालेल्या मुलींची. थकव्याच्या अभ्यासातून नेमक्या त्याच काढायच्या? मी पेपर मागे घेतला.

पुन्हा करायला तीन हिवाळे गेले. नाशिकच्या डिसेंबरमध्ये पहाटे पोटरी गार पडलेली असते. गार स्नायूची वारंवारता मुळातच कमी, धावून तो तापला की ती वर चढते आणि थकव्यानं आलेली घट त्याखाली झाकून जाते. पहिल्या वेळी हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता आधी वीस मिनिटं वॉर्म-अप, मग त्वचेचं तापमान, आणि इलेक्ट्रोडभोवती मार्करचं वर्तुळ. स्पर्धांच्या मधली सवड वर्षाकाठी जेमतेम दोन महिन्यांची. निकाल पहिल्याइतका देखणा आला नाही, पण त्यातल्या प्रत्येक रेषेची जागा मला ठाऊक आहे.

बढती दोन वर्षं लांबली, आणि ते मला लागलं. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी संशोधकाचं काम मोजायला एच-इंडेक्स सुचवला: किमान दहा संदर्भ मिळालेले दहा पेपर असतील तर एच दहा. निरनिराळ्या विषयांत हे आकडे वेगवेगळे येतील, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तरी मुलाखतीत माझा एच एका रसायनशास्त्रज्ञाच्या एचशेजारी ठेवला गेला. त्या वेळी मला ती त्र्यंबकची मुलगी आठवली. तिला मी उत्तर समजावून देऊ शकले होते. समितीपुढे तेवढा वेळ मिळाला नाही.

२०१६ च्या त्या नोंदी मी पुसलेल्या नाहीत. दर वर्षी नवे विद्यार्थी आले की पहिल्या आठवड्यात सत्तावीसही फाइली त्यांच्यापुढे ठेवते आणि टेप सुटलेल्या सात कोणत्या ते शोधायला सांगते. वही माझ्या खणात असते. बहुतेकांना चार सापडतात. यंदा एकीला सहा सापडल्या, आणि सातवीसाठी ती अजून बसली आहे.